सासऱ्यांसमोरची सालतेन्या

...हा शर्टावरचा डाग बघताय ना? हसा, हसा! अख्खं ला पाझ शहर हसतं, तुम्ही कशाला मागे राहताय! पण तुम्हाला सांगतो, मुलगी मागायला आलेल्या माणसाचा कोणी पगार विचारील, शिक्षण विचारील, फार तर आजोबांचा दमा विचारील... आमच्या सासऱ्यांनी, डॉन सतुर्निनोंनी, काय बघावं? तर हा सालतेन्या कशी खातो! तशी ती भाजलेली करंजीच हो, पण पोटात कढत रस्सा कोंडलेला. उभ्याउभ्या हातात धरायची, कोपरा चावायचा, रस्सा ओढायचा आणि थेंब सांडता कामा नये! सांडला की संपलं, शेजारचे शिट्ट्या मारतात.

त्यांची मुलगी निल्दा मला म्हणाली, "रेम्बेर्तो, बाबांनी दोन स्थळं मोडलीत. दातांच्या डॉक्टरनं पँटवर तीन थेंब सांडले. आणि दुसऱ्यानं... खायला काटा-चमचा मागितला." काटा! मलाच घाम फुटला! मग काय, आठ दिवस रोज सकाळी बासिलियाबाईंच्या गाड्यावर सराव. जीभ भाजली, टाळू सोलला, विजारीचं बटण तुटलं. बाई म्हणते कशी, "बाबा रे, लग्न करतोयस की सर्कशीत चाललायस?"

रविवारी त्याच गाड्यावर अकराचं ठरलं होतं. साडेअकरा झाले, म्हाताऱ्याचा पत्ता नाही! आणि बारानंतर या गावात सालतेन्या मागून बघा, लोक तुम्हाला वेड्यात काढतील. मी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. परातीत सात उरल्या... पाच... तीन... एका अनोळखी बाईला मी म्हणालो, "मावशी, राहू द्या हो, दुपारी जेवायचंय ना!" काय बोलली ती मला, इथे सांगण्यासारखं नाही. दोनच उरल्या तेव्हा निल्दाचा हात धरून चढण चढत डॉन सतुर्निनो आले. शर्ट पांढराशुभ्र. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एक स्वतः उचलली, दुसरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हं. खा."

खातोय मी, आणि त्यांची नजर माझ्या हनुवटीवर खिळलेली! कोपरा चावला, रस्सा ओढला. बटाटा गेला, अंडं गेलं, ऑलिव्हची बीसुद्धा सभ्यपणे बाहेर आली. एक घोट रस्सा तेवढा उरला आणि...

टप्!

माझा नव्हे हो! त्यांचा! माझ्याकडे बघण्याच्या नादात... आणि हातही कापत होता, ते मला तेव्हा दिसलं. पांढऱ्या शर्टावर पिवळा ओघळ. शिट्टी मारायला कोणी धजेना. म्हातारा पुटपुटला, "चाळीस वर्षांत... एकदाही..." आणि तो ओघळ हातानं झाकायला लागला. वाईट वाटलं हो मला. निल्दा पांढरीफटक. आता मी काय करू, सांगा? हसलो तर मेलो, गप्प राहिलो तर तो मेला! डोळे मिटले आणि उरलेला घोट ओतला की नव्याकोऱ्या शर्टावर!

"अरेरे, सांडलाच की हो!"

त्यांनी बघितलं माझ्याकडे. मग स्वतःचा रुमाल माझ्या हातात कोंबला आणि निल्दाला म्हणाले, "गबाळा आहे. पण हाच बरा."

नऊ वर्षं झाली याला. दर रविवारी सासरेबुवांना मीच नेतो. हात आता फार कापतो त्यांचा. त्यांचे दोन सांडले की माझे तीन सांडायचे. त्यांचा एकट्याचा थेंब सांडता कामा नये! बासिलियाबाई लांबूनच ओरडते, "सरका, सरका, सांडणारा जावई आला!" निल्दा शर्ट धुताना दर वेळी माझा उद्धार करते. आणि तुम्हाला सांगतो, या शहरात सगळ्यात स्वच्छ सालतेन्या खाणारा माणूस मीच आहे हो... फक्त ते सिद्ध करायची सोय राहिली नाही!