खुर्चीत खोट नव्हती

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती फिजिओथेरपीच्या मॅडम, आणि ज्यांच्या कमरा मॅडमनी सरळ केल्या अशा समोर बसलेल्या सर्व बंधुभगिनींनो,

सुतार आहे, मापात बोलेन. खुर्च्या करायला माझा मीच शिकलो, आणि उत्तम शिकलो. हे विनयाने नाही, खरं म्हणून सांगतो.

माझ्या लेकीची कंबर एकोणिसाव्या वर्षी दुखू लागली. जो तो म्हणे, "बसण्याची पद्धत चुकतेय." म्हणजे खुर्ची! माझ्या घरात, माझ्याच लेकीला, खुर्चीने दुखावं? पाठीचा कोन बदलला, बैठकीला पुढून गोलाई दिली. दुखणं जागचं हलेना. वर पोरगी घुमी झाली. माझी टर उडवल्याशिवाय जिच्या घशाखाली घास उतरत नसे, ती हसेनाशीच झाली. आम्ही म्हटलं, वय आहे.

शेवटी लेकीसकट खुर्ची मॅडमकडे नेली. मॅडम तीत बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही खुर्ची की आरोपीचा पिंजरा?"

खोलीभर हशा! मी सोडून. आणि लेक सोडून. तिने टेबलाची कड घट्ट धरली, ओठ आवळले. मॅडमचं हसू तिथेच थांबलं.

"बापाची फजिती होतेय आणि तू गप्प? हसलं की दुखतं का गं?"

लेकीने होकारार्थी मान हलवली.

"खोकलं, शिंकलं की?"

"पायापर्यंत कळ जाते."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "दादा, खुर्चीत खोट नाही. आत काहीतरी दाबतंय. आधी एमआरआय, व्यायाम मग."

तरुणांमध्ये क्वचित आढळणारं कारण निघालं. कण्यात, नसेवर दाब देणारी, पाण्याने भरलेली गाठ. सिस्ट! अशा प्रत्येक गाठीला शस्त्रक्रिया लागत नाही. हिच्या गाठीला लागली. इथे बसलेल्या सर्जनसाहेबांनी ती केली. कळ गेली, पण धास्ती जाईना. अजून परवापर्यंत पोरगी शिंक आली की आधी भिंत धरायची. आणि हसू? ते ओठांच्या आतच.

असो. मॅडम, निरोपाची भेट म्हणून तीच खुर्ची नव्याने पॉलिश करून आणलीय. बसा ना! काय म्हणालात? थांबा, माइकवर सांगतो. मॅडम विचारतायत, "मी निवृत्त होतेय की शिक्षा भोगायला चाललेय?"

ऐकलंत? तिसऱ्या रांगेतून आलं ते हसू, माझ्या लेकीचं! अहो, टाळ्या थांबवा, परत ऐकू द्या! आणि हात बघा तिचे, दोन्ही मोकळे!

अध्यक्ष महोदय, कागदावर अजून बरंच आहे, पण अक्षरं दिसेनाशी झालीत. मॅडमचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलताना एखादी कड टोचली असेल, तर सुताराला माफ करा. आज रंधा मारायला सवड नाही. मला तिसऱ्या रांगेत जायचंय.