बंद कोठडीतल्या चार चिठ्ठ्या

जबाब
देवराईनगर पोलीस ठाणे, पुणे शहर
दि. १९ मार्च २०२५

नाव: शैला भीमराव ओव्हाळ. वय: ५४ वर्षे. व्यवसाय: शिलाई व व्याख्याने (आधी 'गृहिणी' लिहिले होते, माझ्या सांगण्यावरून खोडून दुरुस्त केले). राहणार: हडपसर, पुणे.

मी आज सकाळी ११ वाजता स्वतः ठाण्यात हजर राहून सांगते, की

माझे पहिले म्हणणे या ठाण्यातील कर्मचाऱ्यांना आणि बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना उद्देशून आहे. ते तसेच लिहून घ्यावे. मन बिघडलेले माणूस समोर आले की काय करायचे, हे पोलिसांनाही कोणी शिकवले नाही आणि घरच्यांनाही कोणी सांगितले नाही. पोलिसांच्या अंगावर ते काम ढकलले, घरच्यांच्या अंगावर ते माणूस. कायदा मात्र आठ वर्षांपासून छापून तयार आहे.

जबाब घेणारे उपनिरीक्षक श्री. आमोद पाळंदे यांनी प्रथम मला विचारले, "सोबत कोण आलंय?" मी सांगितले, मुलगी मैत्री बाहेर बसली आहे. ते म्हणाले, "मग त्यांनाच आत बोलवा. जबाब त्यांचा घेऊ." मी म्हणाले, "कोठडीत मैत्री नव्हती, साहेब. मी होते." त्यावर त्यांनी कागद पुढे ओढला.

मला अकरा वर्षांपासून बायपोलर आजार आहे. गोळ्या चालू असताना मी शिवते, वाचते, भाषणे करते. गोळीने तोंड कोरडे पडते आणि जीभ जड होते. ८ मार्चला वाघोलीत माझे व्याख्यान होते. त्यासाठी मी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कोणाला न विचारता गोळ्या बंद केल्या. ही चूक माझी आहे. ती लिहून घ्यावी.

दि. २४ फेब्रुवारी रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास मी सोलापूर रस्त्यावर सिग्नलला थांबलेल्या गाड्यांसमोर उभी राहून भाषण करत होते. सिग्नल सुटला तरी मी बाजूला झाले नाही. हवालदार सर्जेराव शेवाळे यांनी मला दंडाला धरून रस्त्याच्या कडेला आणले. त्यांनी आणले नसते तर मी आज जबाब द्यायला नसते. मला रस्त्यावरून उचलले याबद्दल माझी तक्रार नाही. तो त्यांचा अधिकार होता, आणि कर्तव्यही. तक्रार पुढची आहे.

दुपारी सव्वा वाजता मला ठाण्यात आणले. का आणले ते सांगितले नाही. घरी कळवले नाही. पिशवीत माझ्या डॉक्टरांचे कार्ड होते, ते पिशवीतच राहिले. मला मागच्या बाजूच्या महिला कोठडीत बसवून बाहेरून कडी घातली. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, कलम १०० सांगते, की अशा माणसाला लवकरात लवकर, फार तर चोवीस तासांच्या आत, सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवू नये. श्री. पाळंदे म्हणाले, "चोवीस तासांच्या आत तर नेलं होतं ना?" नेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला. पण 'कोणत्याही परिस्थितीत' या शब्दांपुढे घड्याळ चालत नाही.

सायंकाळी सहाच्या सुमारास मैत्री मोबाइलमध्ये माझा फोटो घेऊन याच टेबलापर्यंत आली होती. 'अशी कोणी बाई इथे नाही,' असे तिला सांगण्यात आले. मला तिचा आवाज ऐकू आला. मी हाका मारल्या. त्या ऐकू आल्या नाहीत, असे मैत्री सांगते. सांगताना ती माझ्याकडे बघत नाही.

सायंकाळी साडेसात ते सकाळी सहा या वेळेबद्दल मला काही सांगायचे नाही. श्री. पाळंदे यांनी दोनदा विचारले. येथे दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात.



सरकारी रुग्णालयात मी सोळा दिवस होते. तेवढ्यात मैत्रीने माहिती अधिकारात अर्ज करून या ठाण्याच्या त्या दिवसाच्या नोंदीची नक्कल मिळवली. नोंद अशी: 'सदर महिला स्वखुशीने महिला मदत कक्षात खुर्चीवर बसून होती. महिला कोठडी दोन वर्षांपासून वापरात नसून कुलूपबंद आहे.' ती दाखवून मी परवा ठाण्यात विचारणा केली, तेव्हा मोठे साहेब मला अहो-जाहो करून, अगदी सौम्यपणे म्हणाले, "ताई, आपली तब्येत तेव्हा बरी नव्हती. आपल्याला भास झाला असेल."

मला भास होतात. ते कसे असतात हे मला साहेबांपेक्षा जास्त माहीत आहे. माझ्या भासांना आजवर कधी गुन्हा रजिस्टर क्रमांक नव्हता.

त्या कोठडीत जप्तीचा मुद्देमाल ठेवलेला आहे, आणि प्रत्येक वस्तूला गुन्ह्याच्या क्रमांकाची चिठ्ठी लावलेली आहे. मला वाचायची सवय आहे, आणि तिथे वाचायला दुसरे काही नव्हते. पिवळा तराजू, क्रमांक ११७/२०२३. निळी लेडीज सायकल, ४०/२०२४. गुटख्याची तीन पोती, ३०२/२०२३. आणि मिरवणुकीतले दोन मोठे स्पीकर, २५६/२०२४. पंच म्हणून उत्तरेश्वर बाबर यांची सही, लाखेचा शिक्का अर्धा तुटलेला. ही शेवटची चिठ्ठी स्पीकरच्या भिंतीकडच्या अंगाला आहे. आत जाऊन भिंतीला पाठ टेकवून बसल्याशिवाय ती दिसत नाही.

मी या चिठ्ठ्या मोठ्याने वाचत होते. बाहेरून शेवाळे हवालदार म्हणाले, "बाई, पाठ करून काय परीक्षा देनार हाय का?" आज ती देत आहे. शेवाळे आत्ता समोर उभे आहेत. मी क्रमांक सांगत असताना त्यांनी टोपी काढून हातात घेतली आहे. श्री. पाळंदे यांनी त्यांना विचारले, "काय हो शेवाळे, बरोबर आहेत का नंबर?" ते म्हणाले, "साहेब, मला इचारू नका. दार हाय ना तिथं."

त्यांचे हे उत्तर मला मान्य आहे, आणि माझे म्हणणेही एवढेच आहे. मला नुकसानभरपाई नको, माफी नको, कोणाची बदली नको. सामान हलवण्याआधी, आज, आत्ता, दोन पंच बोलावून त्या खोलीचा पंचनामा करा. मी सांगितलेल्या चार चिठ्ठ्या चार जागी निघाल्या तर दि. २४ ची नोंद खोटी ठरते. एक जरी चुकली तर मला वेडी म्हणा, मी खाली सही करते.

हा जबाब मला वाचून दाखवला, असे लिहू नये. मी तो उभे राहून स्वतः वाचला. बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचला, आणि मैत्रीने ऐकला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. गोळ्या चालू आहेत. जीभ जड आहे. शब्द माझेच आहेत.

किल्ली शेवाळ्यांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला आहे. ती घ्या आणि दार उघडा.

सही/-
शैला भीमराव ओव्हाळ