मंत्री तिरकाच जातो

मैलापूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात कोकिळा डोळ्यांत थेंब घालून, पापण्या मिटून बसली होती. शेजारी एक आजी-आजोबा कुजबुजत होते, म्हणजे अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असे.

“अहो, सिस्टर मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख विचारतायत. एप्रिल सांगू?”

“एप्रिल नको. बुद्धिबळाची कॅन्डिडेट्स स्पर्धा आहे.”

“मग सप्टेंबर?”

“ऑलिंपियाड सोडून मी इथे येऊन झोपू?”

“नोव्हेंबर?”

“अगं अलमेलू, तेव्हा जगज्जेतेपदाचे डाव!”

“तुम्ही बघता कुठे? टीव्ही धूसर दिसतो म्हणून चाली मीच सांगते.”

“सांगतेस! परवा हत्तीला उडी मारायला लावलीस.”

“घोडा मेला होता. कुणीतरी मारायला नको उडी?”

“आणि मंत्र्याला सरळ चालवलंस. मंत्री तिरकाच जातो!” तमिळमध्ये बुद्धिबळातल्या उंटाला मंत्री म्हणतात.

“मला वाटलं, एखादा तरी सरळ निघेल.”

“हे असं!”

“म्हणून तर म्हणते, ऑपरेशन करा. सगळं स्वच्छ दिसेल.”

“तेच तर.”

“तेच तर काय?”

“मला दिसायला लागलं, की तू शेजारी कशाला बसशील?”

मग आजींनी घसा खाकरला.

“सिस्टर, ऑपरेशन झाल्यावर यांना टीव्ही बघता येईल?”

“पट्टी असेपर्यंत अजिबात नाही, आजी.”

“मग चाली?”

“तुम्हीच सांगा की.”

आता आजोबा कुजबुजले, या खेपेला खरंच हळू.

“सिस्टर, एप्रिलच लिहा. आणि पट्टी जरा जाड बांधा.”