सदतिसाव्या मिनिटाला मरणारा माणूस

गार्गी : एकतीस, काका. मी परत मोजले. टिल्स्टनचे एकूण एकतीस चित्रपट. सहांमध्ये बटलर, पाचांमध्ये वकील, चारांमध्ये पाद्री, तिनांमध्ये पोलीस. उरलेल्या तेरांमध्ये स्टेशनमास्तर, डॉक्टर, कुणाचा तरी मामा, असं किरकोळ. हीरो शून्य.

शामकांत : शून्य कसं असेल? मी स्वतः बघितलेत. टिल्स्टन पहिल्या सीनपासून असतो.

गार्गी : असतोच. आणि एकतिसांपैकी बाविसांमध्ये मरतो. सरासरी सदतिसाव्या मिनिटाला. आज नाटकात तर बाविसाव्यालाच गेला.

शामकांत : मध्यंतरात माणसाला धीर द्यायचा असतो, गार्गी. आकडे नाही.

गार्गी : मला एक सांग. जहाजावर सिनेमा किती वाजता लावायचे?

शामकांत : जेवणं आटोपली की. सातला, मेसमध्ये. व्हिडिओ कॅसेटींची पेटीच होती.

गार्गी : आणि तुझी वॉच, इंजिनवरची पाळी?

शामकांत : फोर्थ इंजिनिअरची वॉच आठ ते बारा. पावणेआठला बॉयलरसूट चढवायचा आणि खाली इंजिनरूममध्ये.

गार्गी : म्हणजे तू प्रत्येक सिनेमाची पंचेचाळीस मिनिटं बघितलीस.

शामकांत : थांब.

गार्गी : थांबले.

शामकांत : म्हणजे मी उठून गेलो की दुसराच कोणी हीरो व्हायचा?

गार्गी : खरा हीरो साधारण तेव्हाच यायचा. टिल्स्टनच्या खुनाचा तपास करायला.

शामकांत : आणि मी शेवट विचारला की सगळे एकच सांगायचे, शेवटी खूप गोळीबार झाला. थर्ड इंजिनिअर झालो, संध्याकाळ मोकळी मिळाली, तर पेटीत हिंदी कॅसेटी आल्या.

गार्गी : या नाटकाचं पोस्टर बघूनही शंका आली नाही? नाव सगळ्यांत शेवटी होतं.

शामकांत : आपल्याकडे मोठ्या नटाचं नाव शेवटीच असतं. ‘आणि’ लावून.

गार्गी : इथे ‘आणि’ नव्हतं.

शामकांत : मला वाटलं छापायचं राहिलं. पण तुला माहीत होतं तर आधी बोलायचंस. इथल्या मराठी मंडळाच्या अकरा जणांना घेऊन आलोय मी. इंग्लंडचा सर्वांत मोठा नट, पुन्हा सिंगापूरला येणार नाही, असं सांगून. प्रसन्न बुकित तिमाहहून पोराला घेऊन आला. त्याचा तो धवल आत्ता सगळ्यांसमोर म्हणाला, अंकल, युवर हीरो डाय ऑलरेडी लाह.

गार्गी : आकडे काल रात्री पूर्ण झाले. अर्धवट माहितीवर मी बोलत नाही.

शामकांत : आणि नीतावहिनी विचारते, शामकांत, परत जिवंत होतो का हो तो? म्हणून तर मी इथे थिएटरमागे हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांत येऊन बसलो. घंटा झाली की अंधारात आत शिरू.

गार्गी : काका, हळूच मागे बघ. फळांच्या रसाच्या गाळ्याशेजारी. नक्षीचा ड्रेसिंग गाऊन.

शामकांत : खुनाच्या वेळी अंगावर होता तो.

गार्गी : मयत कॉफी पितोय. कुठे निघालास? काका, काय बोलणार आहेस?

शामकांत : ते तिथे गेल्यावर कळेल. एक्सक्यूज मी, मिस्टर टिल्स्टन, सर?

(इथून पुढे टिल्स्टन यांच्याशी बोलणं इंग्रजीत आहे.)

टिल्स्टन : बसा, बसा. मेलेल्या माणसाला सोबत मिळणं कठीण असतं. ही गोड काळी कॉफी तुमच्या शहराचा सर्वोत्तम शोध आहे. नाटक आवडतंय का?

शामकांत : बाविसाव्या मिनिटापर्यंत आवडलं, सर.

टिल्स्टन : नेमका टीकाकार.

गार्गी : मिनिटं मी मोजते. हे माझे काका, शामकांत. जहाजावर इंजिनिअर होते. मी गार्गी, भौतिकशास्त्र शिकले. यांनी तुमचे नऊ सिनेमे बघितलेत. म्हणजे नऊ सिनेमांचे पूर्वार्ध.

टिल्स्टन : मी असतो तेवढाच भाग. याहून चांगला प्रेक्षक कोणता?

शामकांत : मला एक सांगायचं होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. जहाजावर नवा. दक्षिण चिनी समुद्रात पोटात काही टिकायचं नाही. त्यात तुमचा तो बटलर आला. ट्रेवर सहा पेले घेऊन लांबलचक जिना उतरतो. टीव्ही जहाजाबरोबर डोलायचा, पण टीव्हीतला ट्रे हलायचा नाही. मी त्या ट्रेवर नजर ठेवायचो आणि मळमळ थांबायची. ती कॅसेट मी त्या फेरीत इतक्यांदा लावली की चीफ इंजिनिअर वैतागला.

गार्गी : तसं होऊ नये खरं तर. टीव्ही स्वतःच डोलत असेल तर ट्रेसुद्धा तेवढाच डोलणार.

शामकांत : तुझं भौतिकशास्त्र ओकत नव्हतं. मी ओकत होतो.

गार्गी : मिस्टर टिल्स्टन, पेले ट्रेला चिकटवलेले असायचे ना?

टिल्स्टन : पेले चिकटवलेले होते. हात नव्हता.

शामकांत : ऐकलंस?

टिल्स्टन : तो जिना आम्ही सतरा वेळा उतरलो. हीरोला वाक्य आठवत नव्हतं. कोणी त्या ट्रेकडे बघत असेल असं मला वाटलं नव्हतं. मी सुरुवात लीड्सला केली, भाला धरून. दर आठवड्याला नवं नाटक. सोमवारी भालदार, पुढच्या सोमवारी बिशप. मग पहिला सिनेमा. स्टेशनमास्तर. वाक्य एकच, ‘गाडी गेली, मॅडम.’ तेव्हापासून लोकांच्या गाड्या चुकवणं आणि वेळेवर मरणं हाच धंदा. आज शेवटचा प्रयोग. मंडळी इथून पर्थला जातील, मी घरी. गुडघे संपले.

गार्गी : मग तुम्हाला मारलं कोणी? वकिलाने की पुतणीने?

टिल्स्टन : मला माहीत नाही.

गार्गी : म्हणजे?

टिल्स्टन : माझा नियम आहे. आपण मेलो की संहिता मिटायची. पुढचं वाचलं तर चेहऱ्यावर दिसतं. या नाटकात मी हाँगकाँगला मधेच आलो, आजारी नटाच्या जागी. मरण झालं की टॅक्सीने हॉटेलवर. आज या कॉफीसाठी तेवढा थांबलो.

गार्गी : मला पुतणीचा संशय आहे.

शामकांत : मला तो घरीसुद्धा असतो. पण सर, टॅक्सी? शेवटी सगळे नट रांगेत येऊन वाकतात तेव्हा?

टिल्स्टन : व्यवस्थापकाने मला सूट दिली आहे. गुडघ्यांमुळे.

शामकांत : मघाशी त्याच गुडघ्यांनी इथपर्यंत चालत आलात.

टिल्स्टन : तुम्ही इंजिनिअर आहात खरे. ऐका मग. पूर्वी मी वाकायला थांबत असे. एकदा वाकून वर बघितलं तर पहिल्या रांगेतली बाई नवऱ्याला विचारत होती, हा कोण? नवऱ्याने कार्यक्रमपत्रिका उघडली, मग चष्मा शोधला. मी तोवर वाकलेलाच. दोन तास झालेले असतात हो, लोक विसरतात. त्यांची चूक नाही. पण त्यानंतर मी थांबलो नाही.

शामकांत : आज आत तेरा माणसं अशी आहेत की ज्यांना दुसऱ्या एकाही नटाचं नाव माहीत नाही. फक्त तुमचं.

टिल्स्टन : तेरा?

गार्गी : अकरा मंडळाचे आणि आम्ही दोघं. काकांनी सांगितलंय की तुम्ही इंग्लंडचे सर्वांत मोठे नट आहात.

टिल्स्टन : आणि त्यांनी विश्वास ठेवला?

शामकांत : तुम्ही मरेपर्यंत ठेवला होता.

गार्गी : पहिली घंटा झाली, काका.

शामकांत : सर, आमच्याकडे वॉच संपली म्हणून कोणी जिना चढत नाही. पुढचा माणूस खाली येतो, त्याच्या हाती सोपवायचं, ‘सगळं ठीक’ म्हणायचं, मग जायचं. तुम्ही एवढी वर्षं न सोपवता निघून जाताय.

टिल्स्टन : टॅक्सी सांगून ठेवली आहे, मिस्टर शामकांत.

शामकांत : मग मी काय बोलणार. पण मी आज उठणार नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा शेवटपर्यंत बसणार आहे.

टिल्स्टन : कोणी मारलं ते कळलं तर मला मात्र सांगू नका.

*

गार्गी : पुतणीच निघाली.

शामकांत : तुझं बरं झालं. आता टाळ्या वाजव.

गार्गी : एका हातात फोन आहे. आवाज मोजतेय.

शामकांत : कोण आलं ते?

गार्गी : मोलकरीण. मग वकील. आता पुतणी. हा इन्स्पेक्टर, म्हणजे हीरो. पुढच्या रांगा उभ्या राहिल्यात त्याच्यासाठी.

शामकांत : आणि टिल्स्टन?

गार्गी : रांगेत सात जण आहेत. तो नाही.

शामकांत : बस, झालं मग. गेली टॅक्सी. चल, प्रसन्न काही म्हणायच्या आत एमआरटीची गाडी गाठू.

गार्गी : काका, बस खाली.

शामकांत : कशाला आता?

गार्गी : डाव्या विंगेत बघ. नक्षीचा गाऊन.

शामकांत : हातात काय आहे त्याच्या?

गार्गी : ट्रे. त्यावर पेले आहेत. सहा.

शामकांत : चिकटवलेले?

गार्गी : नाही, पेले किंचित सरकताना दिसतायत. आत पाणी आहे. काका, तू खुर्चीवर उभा राहिलायस.

शामकांत : नीतावहिनी, हाच तो. धवल, शिट्टी येते ना तुला? मग वाजव. प्रसन्न, उठ की रे.

गार्गी : मागच्या रांगाही उठल्या. इन्स्पेक्टर बाजूला सरकून त्याला मधे जागा देतोय.

शामकांत : तो वाकला. ट्रे बघ. मला इथून नीट दिसत नाही, डोळ्यांना काहीतरी झालंय. सांडलं का?

गार्गी : एक थेंब नाही.

शामकांत : आणि तुझ्या फोनवर किती?

गार्गी : इन्स्पेक्टरला ब्याऐंशी डेसिबल. टिल्स्टनला एक्क्याण्णव.