एक ते चारशे बारा

दातांच्या दवाखान्यात दोन बहिणी शेजारीशेजारी बसल्या होत्या. धाकटी गणिताच्या पुस्तकांची पानं छपाईसाठी संगणकावर लावायची.

“ताई, प्रत्येक प्रकरणात गणितं एकपासून सुरू होतात. पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तरांना मात्र सलग क्रमांक लागलेत, एक ते चारशे बारा. प्रकरण बदललं की परत एकपासून मोज, हे संगणकाला सांगायचं मी विसरले.”

“तपासलं नाहीस?”

“तपासलं की. पहिलं प्रकरण.”

“शाबास! छापलं?”

“चारला छपाई सुरू होईल.”

“मग साहेबांना सांग!”

“म्हणून तर इथे आले.”

“तुझा दात कुठे दुखतोय?”

“नाही दुखत. तोंड बधिर झालं की बोलावं लागणार नाही.”

“अजून झालेलं नाही. लाव फोन.”

“साहेब, छपाई थांबवा. उत्तरं सगळी बरोबर आहेत, फक्त कुठल्या गणिताची ते कळत नाही.”