शेवंतीची सुट्टी

नाही, कुंडलिकराव, शेवंती नको — झेंडूच द्या, दाराला पुरेल एवढा. आमचा सुदर्शन येतोय ना आज इटलीहून, बायकोला आणि सासूला घेऊन. म्हणजे, येईल बहुतेक. आज तिकडं सुट्टी असते. शेवंती का नको? अहो, गेल्या वर्षी याच आळेफाट्यावर तुमच्याकडून घेतलेला शेवंतीचा हार मी विहीणबाईंच्या गळ्यात घातला, विसरलात? बाई पांढऱ्याफटक पडल्या. तिकडं शेवंती मेलेल्या माणसाला वाहतात — थडग्यावर. तुम्ही म्हणालात, 'सर, फूल ते फूल, लई मनाला लावून घेऊ नका.' कसं नको? इटलीच्या इतिहासावर माझा प्रबंध, कॉलेजात जन्मभर तोच शिकवला — आणि एक फूल माहीत नाही.

तेव्हापासून त्यांच्या सगळ्या सुट्ट्या पाठ केल्यात. पुन्हा चूक नको, आणि सुदर्शन मोकळा कधी तेही कळावं. पंधरा ऑगस्टला आपण झेंडावंदनाला जातो, ते दुकानांना कुलपं लावून समुद्रावर — सुदर्शनही गेला, सासऱ्यांचं घर आहे ना तिथं. नाताळ घरच्या माणसांत करायचा असतो — केला, सासरच्या. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी डबे बांधून रानात जेवायला जातात, आपल्या आवळी भोजनासारखं — तिथंही जावई लागतोच. मी म्हटलं, जा बाबा, सण आहे त्यांचा.

आज? आज त्यांच्या सगळ्या संतांचा दिवस. करतात काय म्हणजे — घरची माणसं जमतात, शेवंती घेतात, आणि आपापल्या... थांबा जरा. 'एक तारखेला सुट्टी आहे, बाबा,' असं म्हणाला तो फोनवर. 'येतो' म्हणाला का? मी तर खोलीसुद्धा रंगवून घेतली. विचारायला हवं होतं — पण विचारलं असतं तर नाही म्हणाला असता, म्हणून...

असेल आत्ता तोही उभा, हातात शेवंती घेऊन, सासूच्या आईच्या थडग्यापाशी. चांगली चाल आहे, मी नावं ठेवत नाही.

तो झेंडू राहू द्या. शेवंतीच द्या — पांढरी. आमच्या मोहिनीच्या फोटोला. त्याची आई ती. इकडंही कुणीतरी हवं ना सुट्टी पाळायला.

गाडी? कुठली गाडी? गोऱ्या बायका उतरतायत तिच्यातून, आणि सोबत आपल्याकडचा एक माणूस? असतील कुणी प्रवासी. वजन करा तुम्ही, मागं गिऱ्हाईक थांबलंय.