पत्रकावरचं पहिलं नाव

श्रेया : …आणि ताई, तुमच्याआधी दोन वकील झाले आमचे. एक म्हणाले, मी बांधाची भांडणं बघतो. दुसरे म्हणाले, शेअरचं काम पुण्यातच. मग मीच फोनवर शोधलं, तर तुम्ही इथं मंचरात.

ॲड. खुशबू : बुधवारी असते. आजोबा, हेच का कंपनीचं पत्रक? 'शेअर घ्या, मालक व्हा.' मार्गदर्शक म्हणून पहिलंच नाव तुमचं.

कुशाबा : लग्नपत्रिकेत टाकत्यात तसं टाकलं, वकीलताई. इचारलं बी न्हाई. पण खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

श्रेया : आबा फ्रेम करणार होते.

कुशाबा : तू गप गं.

ॲड. खुशबू : कंपनी कुठंय आता?

कुशाबा : आळेफाट्याला गाळा व्हता. आता कुलूप हाय.

ॲड. खुशबू : परवानगी न घेता गावोगाव शेअर विकले, म्हणून पत्रकावरच्या सगळ्यांना सेबीची नोटीस आलीय. तुम्ही कुणाला घ्या म्हणालात?

कुशाबा : तोंडानं न्हाई.

ॲड. खुशबू : कंपनीकडून काही घेतलंत?

कुशाबा : चहा.

श्रेया : आणि शाल.

ॲड. खुशबू : मग सुटाल बहुतेक.

श्रेया : बघा आबा, मी म्हणत नव्हते?

कुशाबा : अन् साळुबाई? तिच्यासकट आमच्या पिंपळवंडीच्या सात जणांनी माझं नाव बघून शेअर घेतलं. त्यांचं बी तुमीच बघा.

ॲड. खुशबू : दोन्हीकडून मला उभं राहता येत नाही. ते उद्या तुमच्याकडंच बोट दाखवतील. त्यांची वकील झाले, तर उलटे प्रश्न तुम्हाला मीच विचारीन.

श्रेया : मग आमचंच घ्या, ताई. आधी आम्ही आलोय.

(कुशाबा पत्रकाची घडी घालतात, पुन्हा उघडतात.)

कुशाबा : त्यांचं घ्या.

श्रेया : आबा, मी आता चौथा वकील कुठून आणू?

कुशाबा : तुला घावंल. साळुबाईला कोण शोधून देणार?

ॲड. खुशबू : नीट विचार करा. आत्ता इथं जे बोललात, ते त्यांच्यासाठी वापरायला मला तुमची लेखी परवानगी लागेल.

कुशाबा : देतो. पण मगाशी एक राहिलं सांगायचं, ते आधी लिवा.

ॲड. खुशबू : काय लिहू?

कुशाबा : साळुबाईला वाचता येत न्हाई. पत्रक तिला मीच वाचून दावलं. माझ्या नावापाशी जरा थांबलो व्हतो.